जिवाणूंच्या वेशीवरचे देव

तिबिलिसीत पहिल्याच संध्याकाळी रस्त्यानं चाललो होतो आणि मागून आवाज आला, "अगं थांब की जरा, किती पळतीस!" वळून पाहिलं तर पाठीला सॅक अडकवलेल्या तीन-चार मुली, हातात होडीच्या आकाराचे लांबडे पाव, आणि बोली थेट आमच्या बार्शी-लातूरकडची. सोलापूरहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची, विमानात बसायचं, घड्याळ दीड तास मागं घ्यायचं, ज्या लिपीतलं एक अक्षर ओळखू येत नाही अशा पाट्यांच्या गावात उतरायचं, आणि तिथं कानावर पहिलं धड वाक्य पडावं ते हे! जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला आलेल्या भारतीय मुलांत मराठी मुलं बक्कळ आहेत. माझी भाची त्यांतलीच. तिच्यामुळे मी इथवर आलो, नाहीतर आमची धाव तुळजापूर-अक्कलकोटपर्यंतच.

"मामा, उद्या आधी नारिकालाचा किल्ला बघायचा का गंधकाची कुंडं?" तिनं रात्री विचारलं.

"आधी एलियावा."

"तिथं काय आहे बघायला? व्हायरस?"

"तेच तर बघायचेत."

शाळेत तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाची हौस ही अशीच असायची. टॅक्सीवाल्याला भाचीनं मोडक्या जॉर्जियनमध्ये आम्ही भारतातले असल्याचं सांगितलं, तर तो उसळून म्हणाला, "गोवा! केतेवान!" मला काही कळेना. मग उलगडा झाला. केतेवान ही त्यांची राणी. १६२४ साली इराणात शिराझला तिला हाल करून मारलं, आणि तिचे अवशेष पोर्तुगीज पाद्र्यांनी जुन्या गोव्याला आणले. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये ते सापडले आणि २०२१ साली भारतानं त्यांतला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. आपला माणूस गोव्याला कशासाठी जातो आणि या भल्या माणसाला गोवा कशासाठी आठवतो!

एलियावा संस्था मत्कवारी नदीच्या काठी आहे. जुनी झाडं, जुनी इमारत, जिन्यात थोडा थंड, ओलसर वास. हिची गोष्ट या नदीपासूनच सुरू होते असं तिथं सांगतात. गिओर्गी एलियावा नावाचा तरुण जंतुशास्त्रज्ञ मत्कवारीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. थेंबात पटकीचे जंतू वळवळत होते. मध्येच त्याला कामासाठी जावं लागलं. तीन दिवसांनी येऊन पाहतो तर थेंबात जंतू नाहीत. कुणी खाल्ले? पुढे तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला तेव्हा त्याला फेलिक्स देरेल भेटला. देरेलनं १९१७ साली जाहीर केलं होतं की जिवाणूंना मारणारा एक अदृश्य जीव असतो, आणि त्याचं नाव त्यानं बॅक्टेरियोफाज, थोडक्यात फाज, ठेवलं होतं. इंग्लंडात फ्रेडरिक ट्वॉर्टला हीच करामत १९१५ साली दिसली होती, पण त्यानं ती पुढं रेटली नाही. एलियावानं १९२३ साली तिबिलिसीत संस्था काढली. देरेल इथं येऊन राहिला, त्याच्यासाठी आवारात घरही बांधायला घेतलं. त्यानं आपलं एक पुस्तक स्टालिनला अर्पण केलं. १९३७ साली स्टालिनच्याच राजवटीनं एलियावाला गोळ्या घातल्या. त्याची बायको ऑपेराची गायिका होती, तिलाही सोडलं नाही. देरेल पुन्हा कधी जॉर्जियात आला नाही.

संस्था मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धात लाल सैन्याच्या जखमींना आणि हगवणीनं बेजार झालेल्या सैनिकांना फाजच्या बाटल्या इथून जात होत्या. १९४२ साली स्टालिनग्राडच्या वेढ्यात झिनाइदा येर्मोल्येवा या बाईंनी पटकीचा फाज तिथंच तयार करून लोकांना पाजला. त्याच वर्षी आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस उत्तर चीनमध्ये जखमींवर उपचार करण्याच्या काळातच वारले. पेनिसिलिन तेव्हा अजून रणांगणावर पोचलेलं नव्हतं. ते पोचलं आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी फाजकडे पाठ फिरवली. इथल्यांनी नाही फिरवली. १९९०नंतर देशात यादवी माजली, विजेचा पत्ता नव्हता, तेव्हा कर्मचाऱ्यांनी फाजचे नमुने घरी नेऊन जपले, असं सांगतात. शंभर वर्षं एकाच गोष्टीला चिकटून राहण्याचा हा हट्ट मला तिथल्या कुठल्याही चर्चपेक्षा मोठा वाटला.

आता ज्यासाठी गेलो होतो ते.

तिथल्या एका संशोधक बाईंनी माझ्या हातात काचेची बशी दिली. पेट्री डिश आम्ही शाळेत वापरायचो तशीच. तळाला आगरचा थर आणि त्यावर रात्रभरात उगवलेली जिवाणूंची साय, मळकट पांढरी, एकसारखी. त्या सायीत मधोमध रुपयाहून लहान एक गोल. गोलात काहीही नाही. काच इतकी स्वच्छ की तिच्याखाली धरलेल्या माझ्या अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. काल दुपारी या जागी फाजचा एक थेंब टाकला होता. सकाळपर्यंत तिथले कोट्यवधी जिवाणू फुटून संपले.

मी बशी परत करणार, तेवढ्यात बाईंनी ती खिडकीच्या उजेडाला तिरपी धरायला लावली. "नीट बघा, आत." मी चष्मा कपाळावर सरकवला. त्या स्वच्छ गोलाच्या पोटात तीन पांढरे ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे, एक कडेला आणि दोन जवळजवळ.

"हे कोण?"

"वाचलेले," भाचीनं भाषांतर केलं. मग बाईंनी आणखी काही सांगितलं. ती म्हणाली, "मामा, त्या म्हणतायत, आमची सगळी नोकरी या तीन ठिपक्यांमुळे चालू आहे."

ठिपका म्हणजे एका वाचलेल्या जिवाणूची लाखोंची संतती. ती सगळी त्या फाजला भीक न घालणारी. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या दोघांनी दाखवून दिलं की असे चिवट जिवाणू फाजशी गाठ पडल्यावर तयार होत नाहीत. ते गर्दीत आधीच, योगायोगानं, असतात. संकट येतं तेव्हा बाकीचे मरतात आणि हे उरतात. उरलेले कसे उरतात, याची हकीकत जगभरच्या प्रयोगशाळा अजून उलगडत आहेत, आणि दर काही वर्षांनी तिला नवा फाटा फुटतो.

आधी हल्लेखोराची ओळख. फाज हा विषाणू, जिवाणूपेक्षा कितीतरी लहान. टी-४ नावाचा फाज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो सजीव वाटतच नाही: वर कोनाकोनाचं डोकं, त्यात डीएनए ठासून भरलेलं, खाली शेपटीची नळी आणि सहा काटकुळे पाय. हे यंत्र जिवाणूच्या पाठीवर उतरतं, नळी आकसते आणि आपला डीएनए आत घुसवतं. पुढच्या अर्ध्या तासात जिवाणूचा सगळा कारखाना फाजच तयार करू लागतो आणि शेवटी फुटतो. त्यातून शंभर-दोनशे नवे फाज बाहेर. पृथ्वीवर असे फाज किती असावेत? एकावर ३१ शून्यं, असा अंदाज सर्रास दिला जातो. म्हणजे जिवाणूंच्या जगात शांततेचा एक दिवस म्हणून नाही.

जिवाणू काय करतो? सगळ्यात सोपा उपाय, फाज ज्या खुंटीला धरून उतरतो ती खुंटीच बदलून टाकायची. त्या बशीतल्या तीन ठिपक्यांनी बहुधा हेच केलं असेल. दुसरा उपाय कात्रीचा. जिवाणूकडे डीएनएच्या ठरावीक अक्षरजुळणीवर नेमका कापणारा एन्झाइम असतो. मग तो स्वतःचा डीएनए का कापत नाही? कारण स्वतःच्या डीएनएवर त्या त्या जागी त्यानं आधीच एक रासायनिक खूण चिकटवलेली असते. खूण नसलेला डीएनए म्हणजे परका. या कात्र्यांच्या शोधाला १९७८ साली नोबेल मिळालं, वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना, आणि आजचं सगळं जनुक अभियांत्रिकीचं दुकान त्याच कात्र्यांवर उभं राहिलं.

टी-४नं यावर काय केलं असेल? त्यानं आपल्या डीएनएतलं एक अक्षरच बदललं. सायटोसिनऐवजी त्याचा एक सुधारित नमुना वापरला आणि वर त्याला साखरेचं वेष्टण चढवलं. कात्रीला पकडायला जागाच मिळेना. टी-७ नावाच्या फाजची तऱ्हा आणखी वेगळी. तो आत शिरल्याबरोबर डीएनएसारखं दिसणारं एक प्रथिन सोडतो. कात्री धावत जाऊन त्या खोट्या डीएनएला चिकटते आणि खरा डीएनए बाजूनं निघून जातो. हे वाचून माहीत होतं, पण ज्या टेबलावर त्या बशा मांडल्या होत्या तिथं उभं राहून ऐकताना हसूच आलं. याला मेंदू नाही, पेशीसुद्धा नाही, आणि ही अक्कल!

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मात्सोनी खाल्लं. मात्सोनी म्हणजे तिकडचं दही, आपल्यापेक्षा घट्ट, जरा तुरट. ते खाताना भाचीला मी जे ऐकवलं ते तिच्या अभ्यासक्रमात होतं म्हणे, पण दह्याशी जोडून कुणी सांगितलं नव्हतं. दही लावणाऱ्या जिवाणूंतला एक आहे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दही-चीजच्या मोठ्या कारखान्यांत कधीकधी हजारो लिटर दूध विरजतच नाही, कारण विरजणातल्या जिवाणूंना फाजनं गाठलेलं असतं. डॅनिस्को कंपनीतल्या रोडोल्फ बारांगू आणि फिलिप ऑर्व्हात यांनी २००७ साली या विरजणातल्या वाचलेल्यांचा डीएनए तपासला. त्यात त्यांना फाजच्या डीएनएचे छोटे तुकडे सापडले, जणू पकडलेल्या चोराचा फोटो ठाण्यात लावून ठेवावा तसे. तुकडा काढून टाकला की प्रतिकार गेला, घातला की आला. हीच ती क्रिस्पर व्यवस्था. स्पेनमधल्या अलिकांतेचा फ्रान्सिस्को मोहिका मिठागरातल्या सूक्ष्मजीवांत हे चमत्कारिक, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे १९९३पासून पाहत होता. ते फाजच्या डीएनएशी जुळतात, हा त्याचा लेख नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला. तो २००५ साली एका साध्या नियतकालिकात आला.

यात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही की तो तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. पुढच्या वेळी तोच फाज आला की त्या तुकड्याची प्रत घेऊन एक प्रथिन डीएनए तपासत फिरतं, आणि जुळणी झाली की कापतं. आपल्याला गोवर होऊन गेला तर त्याची आठवण आपल्या मुलात उतरत नाही. जिवाणूच्या मुलात उतरते. नवे तुकडे रांगेच्या एका टोकाला लागत जातात, त्यामुळे त्या जिवाणूच्या घराण्यावर कोणकोणते हल्ले कोणत्या क्रमानं झाले हेही साधारण वाचता येतं. जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पांतिए यांना २०२० साली नोबेल मिळालं ते याच कात्रीला माणसाच्या कामाला जुंपल्याबद्दल. बातम्यांत ती कात्री गाजली. ती मुळात कुणाशी लढायला घडली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

क्रिस्पर ही तर सुरुवात निघाली. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या रोटेम सोरेक आणि त्याच्या चमूनं असा तर्क केला की जिवाणूच्या जीनोममध्ये बचावाची जनुकं एकमेकांच्या शेजारी वस्ती करतात, म्हणून अनोळखी शेजारीही बचावाचेच असतील. त्यांनी हजारो जीनोम चाळले आणि २०१८ साली एकदम दहा नव्या व्यवस्था जाहीर केल्या. त्यांची नावं ठेवली ती जगभरच्या राखणदार देवदेवतांची: झोर्या स्लाव्ह लोकांची, थोएरिस इजिप्तची, गाबिया लिथुआनियाची, हाचिमान जपानचा, लामासू असीरियाचा, वगैरे. पुढे २०२२ साली आणखी एक खेप आली, तीत अदिती आहे. म्हणजे आपलाही देव्हारा तिथं पोचला.

हे ऐकून मला एकदम आमच्याकडची गावकुसाबाहेरची मरीआई आठवली. शेंदूर फासलेला दगड, वर कडुनिंब, आणि आषाढात पोतराज अंगावर आसूड ओढत येतो ती. पटकी गावात शिरू नये म्हणून वेशीवर बसवलेली देवी. वेशीवर देव बसवायचा आणि त्याला रोगाचीच मालकी द्यायची, हे आमच्या पूर्वजांचं तर्कशास्त्र आणि सोरेकच्या प्रयोगशाळेतली नामकरणाची हौस, दोन्ही एकाच जागी येऊन टेकलेत. फरक इतकाच की जिवाणूच्या वेशीवरचे हे देव खरोखर कापतात, जाळतात आणि वेळ आली तर गावासकट स्वतःला संपवतात.

हे शेवटचं अलंकारानं लिहिलेलं नाही. अनेक व्यवस्था अशा आहेत की फाज शिरल्याचं कळलं की जिवाणू स्वतः मरतो, फाजची पिल्लं तयार व्हायच्या आत. थोएरिस असंच काहीसं करते. धोका दिसला की ती एक इशाऱ्याचा रेणू बनवते आणि त्या रेणूनं जागं झालेलं दुसरं प्रथिन पेशीतलं ऊर्जेचं रसायन तोडून टाकतं. एक मेला, शेजारचे वाचले. गंमत म्हणजे आपल्या पेशींतल्या विषाणूविरोधी यंत्रणांपैकी काहींचे पूर्वज अशा जिवाणूंच्या व्यवस्थांत सापडतात.

फाज यावरही थांबला नाही. त्याचा एक तोडगा म्हणजे टॅड-१ नावाचं प्रथिन. ते थोएरिसचा इशाऱ्याचा रेणूच पकडून धरून ठेवतं, घंटा वाजण्याआधी. हे २०२२ साली उजेडात आलं. क्रिस्परवर उतारा त्याआधीच, २०१३ साली, टोरंटोतल्या जो बाँडी-डेनॉमी आणि सहकाऱ्यांना सापडला होता: फाजकडे क्रिस्परला निकामी करणारी प्रथिनं असतात. त्यातली काही तर क्रिस्परच्या कात्रीला डीएनए असल्याची बतावणी करून तिच्या दातांतच जाऊन बसतात. पण ही प्रथिनं तयार व्हायला वेळ लागतो, तोवर पहिला फाज कापला जातो. मग? पहिला मरतो, पण मरताना थोडी प्रथिनं सोडून जातो. दुसरा मरतो, तोही थोडी. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत बचाव लुळा पडलेला असतो आणि तो आत घुसतो. २०१८ साली हे दोन गटांनी दाखवलं. काही अजस्र फाज तर जिवाणूच्या पोटात स्वतःच्या प्रथिनांची बंद खोली बांधतात आणि डीएनए तिच्यात ठेवतात. जिवाणूची कात्री बाहेर फिरत राहते. जिवाणूंना केंद्रक नसतं असं मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. विषाणू तिथं जाऊन केंद्रक बांधतो, हे कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

पटकीच्या जंतूचीच एक हकीकत बाईंनी खास सांगितली, कारण मी पंढरपूरच्या जिल्ह्यातला हे भाचीनं सांगितलं होतं. पंढरीची वारी आणि पटकी यांचं नातं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. ढाक्याच्या रुग्णांत सापडलेला आयसीपी-१ नावाचा फाज पटकीच्या जंतूवर धाड घालतो. जंतूनं आपल्या डीएनएत एक तुकडा बाळगलाय, तो फाजचं पुनरुत्पादन बंद पाडतो. आता फाजनं काय करावं? त्यानं क्रिस्पर उचलली. जिवाणूंचं हत्यार विषाणूनं स्वतःच्या जीनोममध्ये बाळगलं आणि त्या तुकड्यावर चालवलं. २०१३ साली हे छापून आलं तेव्हा अनेकांनी दोनदा वाचलं असेल.

पण फाज सदा शत्रूच असतो असंही नाही. काही फाज जिवाणूला फोडत नाहीत. त्याच्या डीएनएत जाऊन मुक्काम करतात. पटकीच्या जंतूचं ते विष, ज्यानं माणूस काही तासांत पाण्यासारखा वाहून जातो, त्याचं जनुक मुळात एका फाजनं आणलेलं आहे. वॉल्डर आणि मेकॅलॅनॉस यांनी १९९६ साली हे दाखवलं. तिबिलिसीच्या टेकडीवर जॉर्जियामातेचा भला मोठा पुतळा आहे, एका हातात पाहुण्यासाठी द्राक्षासवाचा वाडगा, दुसऱ्या हातात शत्रूसाठी तलवार. पटकीच्या जंतूनं एका फाजला वाडगा दिला आणि त्याची किंमत माणसानं मोजली.

संध्याकाळी मत्कवारीच्या पुलावर उभा राहून मला राहून राहून एकच वाटत होतं, की हे सगळं आधी आपल्या दारात येऊन गेलंय. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन नावाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञानं गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टाकले आणि ते काही तासांत मेल्याचं छापलं. पाणी उकळलं की तो गुण जायचा. पुढच्या काळात अनेकांनी त्यात फाजचा हात पाहिला. १९२५ साली देरेलनं इजिप्तमध्ये प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठींत फाज टोचला आणि चौघे बरे झाले. त्यानंतर त्याला भारतात बोलावलं, ते थेट आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत, प्लेगवर काम करायला. मग पंजाबात पटकीवर काम झालं आणि १९२७ ते १९३६ या काळात सरकारनं रीतसर बॅक्टेरियोफाज चौकशी चालवली. आसामात नौगाव भागात गावोगाव फाज वाटला आणि हबीगंजमध्ये वाटला नाही, म्हणजे तुलना करता येईल. निकाल आशादायक दिसले, शंकाही राहिल्या, आणि प्रतिजैविकांच्या लाटेत सगळं विरलं. तिबिलिसीनं ज्या गोष्टीला शंभर वर्षं कवटाळलं ती आपण दहा वर्षांत सोडली, हे मला पटत नाही. एलियावाच्या बाईंकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा होता असंही नाही.

एक खरं की फाज म्हणजे रामबाण नाही. युरोपात भाजलेल्या रुग्णांवर फाज वापरण्याची फाजोबर्न नावाची मोठी चाचणी झाली. त्यात फाजची ताकद बाटलीत ठेवल्या ठेवल्याच कमी झाली आणि रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा मिळाली. तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. पण जिवाणू-फाजच्या या लढाईतून निघालेला एक डाव मला विलक्षण वाटतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांना कनेक्टिकटच्या एका तळ्यात एक फाज सापडला. तो स्यूडोमोनास जंतूच्या अंगावरच्या अशा पंपाला धरून आत शिरतो की ज्या पंपानं तो जंतू प्रतिजैविकं बाहेर फेकतो. आता जंतूपुढे दोनच वाटा. पंप ठेवला तर फाज मारणार. फाजपासून वाचायला पंप बदलला तर जुनं प्रतिजैविक पुन्हा लागू पडणार. याला पेच म्हणतात, आणि हा पेच माणसानं रचला नाही, तळ्यातून उचलला.

निघायच्या आदल्या दिवशी एका औषधाच्या दुकानात शिरलो. भाचीनं विचारलं आणि दुकानदार बाईंनी सहज, खोकल्याचं औषध काढावं तशी, पेटी काढून ठेवली. आत लहान बाटल्या, पिवळसर पारदर्शक पाणी. एक पायोफाज, पू धरलेल्या जखमांसाठी. एक इंटेस्टी, पोटाच्या आजारांसाठी. ही दोन्ही मिश्रणं मूळ देरेलच्या काळातली. पोटात घ्यायचा फाज पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून आधी सोड्याच्या जातीचं खनिजपाणी प्यायचं. नाव तेच राहिलंय, आतला माल मात्र बदलत राहतो: दवाखान्यांतून येणारे नवे चिवट जंतू गोळा करायचे, त्यांना मारणारे फाज सांडपाण्यात शोधायचे आणि मिश्रणात घालायचे. बशीतले ते तीन ठिपके इथं येऊन पोचतात. आपल्याकडच्या प्रतिजैविकाच्या गोळीत चाळीस वर्षं तेच रसायन असतं, आणि ती लागू पडेना की आपण गोळीला दोष देतो.

"मामा, चार बाटल्या घेऊया का? आजीच्या पायाच्या जखमेला?" भाचीनं विचारलं. मग तीच थांबली. जखमेतला जंतू कोणता, हे आधी तपासायला हवं, आणि तपासला तरी या बाटलीतले फाज त्याला ओळखतील याची खात्री नाही, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. बाटली परत कपाटात गेली.

तेव्हा तिबिलिसीला जाणार असाल तर जरूर जा, मात्सोनी खा, गंधकाच्या पाण्यात डुंबा, पण दुकानातून फाजच्या बाटल्या घेऊन येऊ नका. आपल्याकडे हे सर्रास परवानगी असलेलं औषध नाही, आणि असतं तरी डॉक्टर आणि जंतूची तपासणी यांच्याशिवाय ते पाणीच. शिवाय तिथले फाज तिथल्या जंतूंशी लढून तयार झालेले आहेत. सोलापूरच्या रुग्णाच्या जखमेतला जंतू सोलापुरात वाढलेला असतो, त्याला मारणारा फाज आधी सोलापूरच्या सांडपाण्यात आणि चंद्रभागेच्या पाण्यात शोधावा लागेल. त्यासाठी सांडपाणी, बारीक गाळणी, जिवाणूंची साय धरलेली काचेची बशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उजेडाला धरून पाहणारा माणूस लागतो. आमच्या विद्यापीठात आणि महाविद्यालयांत यातलं सगळं आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांनी येत्या आषाढीला वाळवंटातून एक बाटली पाणी आणावं, एवढीच माझी विनंती.